आईच्या कुंकवाचा रंग

कारखान्याची जीप आमच्या पिंपरीच्या क्वार्टरपुढं थांबली तेव्हा मी मेथी निवडत होते. ड्रायव्हर इब्राहिमभाई उतरले, दारातच घुटमळले आणि म्हणाले, "आक्का, चला. दिगूसाहेबांना बरं न्हाई." बरं नाही म्हणे! माझा धाकटा भाऊ प्रयोगशाळेत टेबलापाशी बसल्या बसल्या गेला होता. ते मला जीपमध्ये कळलं, इब्राहिमभाईंच्या डोळ्यांना धार लागली म्हणून. दीड महिना होत आला. ती मेथी कुणी टाकली, आठवत नाही.

दिगू औषधांच्या नव्या कारखान्यात तपासणीच्या कामावर होता. काचेच्या पट्टीवर जंतू दिसावेत म्हणून जांभळा आणि लाल रंग चढवायचा, सूक्ष्मदर्शकातून बघायचं आणि औषध चांगलं की नासलं ते सांगायचं. माणूस भलता काटेकोर. कपाळ पांढरं झाल्यावर मी त्याच्याकडंच राहायला आले, तर पहिल्याच आठवड्यात मला म्हणाला, "आक्का, मीठ अंदाजानं टाकू नकोस." मेल्या, स्वयंपाकघर म्हणजे काय तुझी प्रयोगशाळा? पण रविवारी हाच माणूस खिडकीपाशी मांडी घालून चित्रं काढायचा. पवनेचा घाट, चाकणच्या बाजारातले कांद्याचे ढीग... चुकायचा आणि स्वतःशीच हसायचा. "आठवडाभर मला चुकायची मुभा नसते," म्हणायचा, "इथं तरी चुकू दे की."

आई वारली तेव्हा तो रांगत होता. तिचा फोटो नाही. एका रविवारी त्यानं मला समोर बसवलं आणि उलटतपासणीच सुरू केली. नाक कसं होतं? हनुवटी तुझ्यासारखी की माझ्यासारखी? लुगडं जांभळं म्हणजे वांग्यासारखं की पिकल्या जांभळासारखं? मी आधी चिडले, मग रडले, मग एकेक आठवत गेले. विकतचे रंग काही जुळेनात. शेवटी कारखान्यातल्या साहेबांना विचारून त्यानं प्रयोगशाळेतले टाकून द्यायचे रंग आणले. जांभळ्याचं लुगडं झालं, लालचं कुंकू झालं... आणि आई आली! खरं सांगते, माझा हात आपसूक पदराकडं गेला.

पण ते रंग उजेडानं उडतात. त्याला हे पक्कं ठाऊक होतं. मी म्हटलं, "मग टिकाऊ रंग लाव की बाबा." तर म्हणाला, "त्यात ती आई दिसत नाही. उडाला तर परत भरीन. मी कुठं जातोय?" आणि भरायचा. एरवी ऊन आलं की खिडकी झाकून ठेवायचा. सणाआधी मी घर झाडायला काढलं की हा आईला भिंतीवरून उतरवायचा.

तो गेला त्या गडबडीत खिडकी झाकायचं कुणाला सुचणार? एके दिवशी बघते तर लुगडं पांढुरकं आणि कुंकू नाहीच. सवाष्ण गेलेली माझी आई, मळवट भरून नेलेली, भिंतीवर माझ्यासारखी दिसत होती. देवा, एवढं तरी ठेवायचं होतंस रे! मी इब्राहिमभाईंजवळ रडले, तर दुसऱ्या दिवशी ते साहेबांकडून लाल रंगाची लहान बाटली घेऊन आले. शेजारीण म्हणाली, "आक्का, कुंकू हाय. तुमी नका लावू, मी लावते." मी तिला सरळ म्हटलं, आई माझी आहे.

काडीला कापूस गुंडाळला. बाटलीत बुडवून आईच्या कपाळाला टेकवला. थेंब कपाळावरून नाकावर ओघळला आणि पुसायला गेले तर गालभर पसरला. हा रंग पुसून जात नाही, दिगूच सांगायचा.

आता मी खिडकी लावून घेते, म्हणजे उरलंय तेवढं तरी राहील. मग अंधारात आई दिसत नाही म्हणून परत उघडते. दिवसभर हेच चाललंय. इब्राहिमभाई म्हणतात, जांभळाही आणून देतो. आणतील हो, पण लुगड्याचा जांभळा कसा साधायचा, ते मी दिगूला कधी विचारलंच नाही. कशाला विचारीन? तो कुठं जाणार होता...