देशमुखसाहेबांच्या लॉकरमधली बाई

वाचक मंडळी, आज वाचनालयाच्या या फळ्यावर नव्या पुस्तकांची यादी नाही. डोकं फिरलंय माझं!

आपल्या पिंपरीच्या कंपनीतले फोरमन देशमुखसाहेब महिनाभर ओरडत होते, "त्या इंग्रजी कादंबरीतली देखणी बाई सगळ्यांना फसवते. असली घाण वाचनालयात नको!" त्यातलं तिचं चित्रही कुणीतरी कापून नेलं होतं.

आज खंडेनवमीची साफसफाई करताना ते सापडलं. साहेबांच्याच लॉकरमध्ये, आरशाशेजारी चिकटवलेलं!

"साहेब, हे काय?" मी विचारलं.

"पोरं बिघडू नयेत म्हणून काढून ठेवलंय, राव!"

अहो, ती बाई निदान शेवटी सगळं कबूल तरी करते! खडू इथेच ठेवलाय. लिहा, वाचनालयातून कोणाला काढायचं, बाईला की साहेबांना?