टोपलं घरचं का दुकानचं?

बायांनो, आज सकाळी भाजीच्या देठांचं टोपलं घेऊन म्युनिसिपालटीच्या कचरागाडीपाशी गेले.

जमादार म्हणाला, "आजी, गाडीत घरचाच कचरा. दुकानचा तुमी गावाबाहेर नेऊन टाका."

"अरे, घराच्या ज्या ओट्यावर भाजी विकतो, तिथंच आमच्या रांधायची निवडतो! यातलं घरचं देठ कोणतं, तूच दाखव."

"मले नाई माईत. पण रस्त्यावर टाकलं तर दुकान बंद होईन."

परसात उकिरडा होता, त्यालेही आता मनाई. गाडी गेली. आतून सून ओरडली, "आत्याबाई, घाण घरात आणू नका!"

तवापासून ओट्यावर टोपलं मांडीवर घेऊन बसले. गिऱ्हाईक भाव विचारते, पण टोपलं ठेवायले जागा नाही, म्हणून उठता येत नाही. नात हे लिहून राहिली अन् हसून राहिली.

सांगा बायांनो, मी घरात बसले का दुकानात?