चाळीस कॉम्प्युटर आणि एक माफी

कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमधल्या तंत्रज्ञाला सगळे ‘वैद्यबुवा’ म्हणत. बिघडलेल्या कॉम्प्युटरवर नुसता हात ठेवून हा रोग सांगतो, अशी त्याची ख्याती. आणि ख्याती एकदा डोक्यात गेली की माणूस तपासायचं सोडतो आणि नुसतं सांगत सुटतो. वैद्यबुवाचं तेच झालं.

लॅबमधले चाळीस कॉम्प्युटर सगळे परावलंबी. कुणाच्याच पोटात स्वतःची डिस्क नाही. बटण दाबलं की प्रत्येकानं केबलवरून कोपऱ्यातल्या सर्व्हरकडे मागायचं, त्यानं द्यायचं, मग कुठे पडदा उजळायचा. हे सगळं दोन मिनिटांत उरकत असे. पण एका सोमवारपासून त्याला वीस-वीस मिनिटं लागायला लागली. तासाचा तिसरा हिस्सा मुलं काळ्या पडद्यासमोर जांभया देत बसत. प्राचार्यांनी वैद्यबुवाला बोलावून विचारलं, “काय भानगड आहे ही?”

त्याला माहीत नव्हतं. पण ‘माहीत नाही’ म्हणायला जीभ रेटेना. “मावशी सगळे एकदम चालू करतात ना सर,” तो म्हणाला. “चाळीस जण एकाच वेळी मागायला लागले तर सर्व्हर कुणाकुणाला पुरणार?”

मावशी म्हणजे लॅबच्या शिपाई. पावणेआठला येऊन, हातात फडकं घेऊन त्या रांगेनं एकेक कॉम्प्युटर पुसून घेत आणि मुलं दाराशी दिसली की भराभर सगळ्यांची बटणं दाबत. मुलं जागेवर बसेपर्यंत सगळं तयार. अकरा वर्षं हाच शिरस्ता. अरे शहाण्या, अकरा वर्षं चाललेली गोष्ट याच सोमवारी कशी बाधली? पण एवढा साधा प्रश्न ना प्राचार्यांना पडला, ना याला!

दुसऱ्याच दिवशी मावशींना तळघरातल्या जुन्या फायलींच्या खोलीत धाडलं. गुडघे आधीच कुरकुरत होते, त्यात ते उभे जिने. जाताना त्यांनी फडकं स्वच्छ धुऊन वाळत घातलं आणि वैद्यबुवाला म्हणाल्या, “खिडकीजवळच्या तिसऱ्याचं बटण अडतं, जरा जोरात दाबायला सांगा हं नव्या माणसाला.”

नवा माणूस दहा-दहा करून कॉम्प्युटर चालू करू लागला. फरक काडीचाही नाही. वैद्यबुवा आठवडाभर “सर्व्हर दमलाय, येईल रुळावर” असं ठोकून देत राहिला. आणखी दोन आठवडे गेले, तेव्हा प्राचार्यांचा आवाज चढला आणि हा एकदाचा नीट तपासायला बसला. सगळे बंद ठेवून त्यानं एकच कॉम्प्युटर चालू केला. गर्दी नाही, घाई नाही, तरी तो बाबा रेंगाळलेलाच. म्हणजे दोष एकदम चालू करण्याचा नव्हताच.

मग तो सर्व्हरच्या मागे वाकला. केबलच्या तोंडाशी हिरवा दिवा हवा, तिथे पिवळा होता. केबल खराब, वेग दहातला एक हिस्सा उरलेला. आणि ती केबल त्यानं पाहताक्षणी ओळखली. त्याच्या स्वतःच्या टेबलावर नवा कॉम्प्युटर आला, तेव्हा चांगली केबल सापडेना म्हणून त्यानं सर्व्हरचीच काढून घेतली होती आणि सर्व्हरला ड्रॉवरमधली जुनी, दारात चेपलेली लावून दिली होती. दोन दिवसांपुरती म्हणून. तो शनिवार होता.

खोलीत चिटपाखरू नव्हतं, तरी त्यानं मागे वळून पाहिलं.

केबल बदलली. त्यानं चाळीसच्या चाळीस एकदम चालू केले, अगदी मावशींसारखे. दोन मिनिटांत सगळे पडदे उजळले. प्राचार्य धावत आले. “शाब्बास! आला की सर्व्हर रुळावर! म्हणजे तुमचं निदान बरोबर होतं. मावशींना हलवलं ते बरंच झालं.”

तेव्हाच बोलायचं होतं. पण तो म्हणाला, “हो सर.”

जेवणाच्या सुट्टीत त्यानं डबा तसाच बंद केला. मावशींना तरी खरं सांगून टाकू, असं मनाशी घोकत तो तळघरात उतरला. मावशी स्टुलावर बसून फायली बांधत होत्या. त्याला पाहून गुडघा धरत उठल्या.

“लॅब सुरळीत झाली म्हणे?”

“हो. मावशी, मी काय म्हणतो...”

“नाही, आधी मला बोलू द्या,” त्या खाली मान घालून म्हणाल्या. “मला काय कळतंय त्यातलं? मुलांचा खोळंबा नको म्हणून सगळे एकदम लावायची मी. माझ्यापायी तुम्हाला साहेबांची किती बोलणी खावी लागली असतील! लाज वाटते हो मला. मनात ठेवू नका.”

त्यानं बांधलेल्या फायलींचा गठ्ठा उगाच सरळ केला.

“असू द्या, मावशी,” तो म्हणाला. “होतं असं कधीकधी.”

मावशींचा चेहरा एकदम हलका झाला. त्यांनी त्याला बसायला स्टूल पुढे केलं. तो बसला नाही. काम आहे असं काहीतरी पुटपुटत जिना चढायला लागला आणि अर्ध्यावर त्याच्या ध्यानात आलं, की आपण माफी मागायला गेलो होतो आणि माफ करून आलो.