तर्कशास्त्राचं गाऱ्हाणं

काय म्हणालात, मला कधी पुरस्कार मिळाला होता का? अहो, त्या पुरस्कारापायी माझी जी शोभा झाली ती ऐकाच! फक्त चहा आधी संपवा, नाहीतर ठसका लागेल.

साठ साल उलटून गेलेलं. कणकवलीकडे आमचं कॉलेज नवं नवं निघालेलं, आणि मी तिथे तर्कशास्त्र शिकवायचो, तेही एका वर्षाच्या बोलीवर. एक दिवस प्राचार्यांनी आम्हा सगळ्यांना बोलावून जाहीर केलं, "उत्तम आणि नव्या पद्धतीने शिकवणाऱ्याचा संस्था सत्कार करणार आहे. मुंबईहून एक मोठे प्राध्यापक वर्ग बघायला येतील."

मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुम्हाला मिळाला, तर तुम्हाला कायम करणं मला सोपं जाईल."

झालं! माझी झोपच उडाली. पण माझ्या वर्गाची झोप कोण उडवणार? माझा तास दुपारचा. भात आणि माशाची कढी पोटात घेऊन आलेली पोरं. मी 'अनुमान' म्हणेपर्यंत निम्मा वर्ग पेंगायचा.

आणि मला बाबा आठवले. आमचे बाबा मसुऱ्याला देवळात गाऱ्हाणं घालायचे. म्हणजे देवापुढे नारळ ठेवून गावाचं मागणं खड्या आवाजात मांडायचं, आणि प्रत्येक मागण्याला जमलेल्या गावाने एका दमात 'व्हय म्हाराजा!' म्हणायचं. गाऱ्हाण्यात कोणी पेंगलेला पाहिलाय तुम्ही? मी तरी नाही!

दुसऱ्या दिवशी मी टेबलाशी उभा राहिलो, हात जोडले आणि बाबांचा सूर लावला.

"बा देवा म्हाराजा! सगळी माणसां एक दिस मरतली रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" शेवटच्या बाकावरचासुद्धा दचकून जागा झाला.

"गणू शिपाई माणूस आसा रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तर मगे गणू शिपाईय मरतलो रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

गणू शिपाई नेमका दारात उभा. "मास्तरांनू, माका कित्याक मारतास? घराक बायल-पोरां आसत माझी!"

त्याला समजावता समजावता तास संपला. पण वर्ग जागा होता! महिनाभर मी रोज गाऱ्हाणं घातलं. पोरांना अनुमानाचे नियम तोंडपाठ झाले. शेजारच्या वर्गात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या प्रभूबाई एकदा म्हणाल्या, "सर, तुमची मुलं प्रश्न कधी विचारतात?" मी मनात म्हटलं, जळतेय ही बाई. सत्कार आपल्याला मिळालाच, असं समजून मी बाबांनाही बोलावून घेतलं.

पाहुणे आले. सुटाबुटातले, गंभीर. त्यांच्या शेजारी प्राचार्य. बाबा धोतर-टोपीत, हातात नारळ घेऊन खिडकीबाहेर व्हरांड्यात बसलेले. मी जोरात गाऱ्हाणं घातलं, वर्ग दणाणला. पाहुणे चक्क हसले! म्हणाले, "अभिनव आहे. आता मी एक चुकीचं अनुमान सांगतो. मुलं ते पकडतात का पाहू."

मी म्हटलं, "अवश्य!" काय तो माझा रुबाब!

पाहुणे उभे राहिले. "सगळे मासे पोहतात. तुमचे प्राचार्य पोहतात. म्हणून तुमचे प्राचार्य मासा आहेत!"

"व्हय म्हाराजा!"

प्राचार्यांचा चेहरा तापलेल्या तव्यासारखा लाल झाला. मला घाम फुटला. मी धावत पुढे झालो, आणि घाबरल्यावर माणसाच्या तोंडून घरचाच सूर निघतो हो!

"अरे, ह्या चूक आसा रे!"

"व्हय म्हाराजा!"

"माझा नाक कापलास रे!"

"व्हय म्हाराजा!"

"म्हणजे मी तुमका कायएक शिकवक नाय रे?"

"व्हय म्हाराजा!" आणि या वेळी सगळ्यांत मोठा आवाज खिडकीबाहेरून आला. आमचे बाबा! टोपी सावरून, डोळे मिटून, हात जोडून उभे!

पाहुणे उठून प्रभूबाईंच्या वर्गात गेले. मी व्हरांड्यात येऊन बाबांवर उखडलो. "बाबा, तुम्ही तरी गप्प रवाचा होता!"

"गाऱ्हाण्याक व्हय म्हणूक नको? देव काय म्हणतलो?" बाबा शांतपणे म्हणाले. "पण बरा घातलंस हां. माझ्यापेक्षा बरा."

खरं सांगतो, त्या क्षणी मला रडूच आलं. नोकरी गेली, याची खात्री झाली होती.

सत्कार प्रभूबाईंना मिळाला. त्यांच्या वर्गात म्हणे एका मुलीने पाहुण्यांचीच चूक काढली होती! समारंभ संपल्यावर प्राचार्यांनी मला खोलीत बोलावलं. मी सामान बांधायच्याच तयारीने गेलो.

"तुम्हाला कायम करतोय," ते म्हणाले.

"माझ्या शिकवण्यामुळे?"

"छे! पण आता दरवर्षी समारंभाला गाऱ्हाणं घालायला आपल्याकडे माणूस हवा होता."

म्हणून सांगतो, निवृत्त होईपर्यंत प्रत्येक सत्काराला मी मंचावर होतो. पहिला नारळ माझ्याच हातात यायचा. दुसऱ्याला यश मिळू दे म्हणून गाऱ्हाणं घालायचं, तो फोडायचा आणि खाली येऊन बसायचं!