स्नॅपवरचं कुंकू

जालिंदर शिरसाठ माणसांपेक्षा हत्यारांशी बरं बोले. मूळचा निफाडकडचा. दोहात स्टेडियमं उभी राहत होती त्या वर्षांत तो छतांचे पत्रे बसवणाऱ्या एका कंपनीच्या टूल स्टोअरमध्ये होता. कोणी ड्रिल परत करताना टेबलावर आपटलं, तर तो रागवत नसे. ते ड्रिल जवळ घेऊन फडक्यानं पुसू लागे, आणि आपटणाराच ओशाळून ‘सॉरी भाई’ म्हणे.

त्याच कंपनीत मैमुना परकार डिझाइन इंजिनियर होती. रत्नागिरीची. नवरा रेहान दोहाबाहेर मेसईदच्या एका कारखान्यात, म्हणून घर तिकडे, वसाहतीत. घरामागच्या गाडीच्या शेडमध्ये हे नवराबायको सुट्टीच्या दिवशी विमान बांधत. खरंखुरं, दोन माणसं बसतील एवढं, अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याचं. ते उडणार कुठे असं कोणी विचारलं की रेहान म्हणे, “आधी पंख तर होऊ दे. आकाश कुठं पळून जातंय?”

पत्र्याला पत्रा जोडायचा तो रिव्हेटनं, म्हणजे ठोकून दाबायच्या खिळ्यानं. मैमुना बाहेरून कंप्रेसरच्या हवेवर चालणारी गन धरी, आणि रेहान पंखाच्या आत हात घालून रिव्हेटच्या दुसऱ्या टोकाला पोलादी ठोकळा टेकवी. गनच्या तोंडाशी जो तुकडा बसतो तो स्नॅप. स्नॅपचं आणि ठोकळ्याचं तोंड आरशासारखं हवं, कारण त्यावर जो ओरखडा असेल तो प्रत्येक रिव्हेटवर उमटतो. समुद्राकाठच्या त्या हवेत पोलाद बघता बघता तांबडं पडे. म्हणून ही पेटी मैमुनानं जालिंदरच्या हवाली केली होती. शुक्रवारी सकाळी तो बसनं पेटी घेऊन मेसईदला जाई, काम संपलं की दोहातल्या अल नस्र भागातल्या आपल्या खोलीवर परत आणी. गनमध्ये तेलाचे थेंब सोडायचे, स्नॅप चकाकवायचे, सगळ्यावर तेलाचा पातळ हात फिरवायचा. या कामाचा त्याला अभिमान होता. स्टोअरमधली हत्यारं सगळ्यांची होती. ही पेटी मॅडमनं फक्त त्याच्यावर सोपवली होती.

त्या वर्षी खंडेनवमीला त्यानं खोलीत पाट मांडला. स्वतःचा पाना, पकड, हातोडी ठेवली. शेजारी मॅडमची पेटी होती. ती तशीच ठेवणं त्याला बरं वाटेना. वर्षभर ज्यांना हात लावला त्यांना आजच्या दिवशी बाजूला कसं ठेवायचं? मालकिणीला विचारावं हे मनात आलं, पण विचारलं नाही. गन, स्नॅप, ठोकळे पाटावर मांडले.

फोनवर आई, तानूबाई, गावाकडून पूजा बघत होती.

“जालू, कुंकू दिसंना रे मला.”

“लावलंय की आई.”

“कुठं लावलंय? घसरतंय ते. नीट लाव. वर्षाचा सण!”

तेलावर कुंकू टिकत नव्हतं. जालिंदरनं थिनर घेतलं आणि एकेक हत्यार कोरडं पुसलं. मग ओलं हळदकुंकू लावलं, आणि तेही नेमकं तोंडावर. हत्याराचं कपाळ ते कुठलं? ज्या जागेनं ते काम करतं तीच. आईचं समाधान झालं. दसऱ्यापर्यंत पूजेतलं हत्यार हलवायचं नाही, म्हणून सगळं पाटावरच राहिलं.

दसऱ्यानंतर कुंकू पुसलं तर खाली गंजाचे बारीक खड्डे. चकचकीत तोंडावर देवी आल्यासारखे. नीट पॉलिश करायचं तर वर्कशॉपचं चाक मागावं लागणार, आणि मागितलं की हे कशानं झालं ते सांगावं लागणार. त्यानं हाताशी होता तो जाडा पॉलिश पेपर घासला. गंज गेला, ओरखडे राहिले. ‘एवढं काही दिसायचं नाही,’ असं स्वतःला सांगून त्यानं शुक्रवारी पेटी नेली.

दिसलं. दुपारी मैमुना पंखावरून बोट फिरवत थांबली. प्रत्येक रिव्हेटच्या डोक्यावर खरवड, पत्र्यावर बारीक चरे.

“रेहान, माझी गन हलतेय.”

“छे गो. बघू.” रेहाननं वाकून पाहिलं आणि एका डोक्यावरून नख फिरवलं.

“माझा हातच बसत नाही. मी दाबून धरतच नाहीये ती.” ती आपला उजवा हात उलटसुलट करून बघत राहिली. जालिंदर समोरच स्टुलावर चहा घेऊन बसला होता. तोंड उघडायची तीच वेळ होती. त्यानं चहाचा घोट घेतला.

त्या आठवड्यात त्यानं ओव्हरटाइमचं निमित्त करून चाक मिळवलं, आणि स्नॅप-ठोकळे असे चकाकवले की त्यांत त्याचं नाक दिसावं. आता सगळं सुरळीत होईल असं त्याला वाटलं. पण पुढच्या शुक्रवारी मैमुनानं गनला हात लावला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. पंख चादरीखाली झाकलेला होता, आणि शेडच्या कोपऱ्यात रेहान रिकामी खोकी पुसत होता.

“उस्ताद, बाईसाहेब म्हणतात खलास,” रेहान हळूच म्हणाला. “सगळं भरून हमद पोर्टवरून बोटीनं घरी धाडायचं. मी समजावून थकलो.”

“नको समजावू रे पुन्हा,” मैमुना म्हणाली. “ज्याचा हात हलतो त्यानं विमान बांधू नये. लोक बसणार त्यात. जालिंदरभाऊ, तुमची मात्र मेहनत फुकट गेली.”

हे शेवटचं वाक्य त्याला सहन झालं नाही.

“तुमचा हात नव्हता, मॅडम,” तो म्हणाला. आणि मग पाटापासून पॉलिश पेपरपर्यंत सगळं सांगितलं. मान वर न करता.

रेहान आधी हसला. “गनला कुंकू? अरे, मग नवरा कोण, कंप्रेसर?”

मैमुना हसली नाही.

“न विचारता लावलंत, ते एक असो. आमच्या वस्तूला तुम्ही मान दिलात, त्याचा मला राग नाही. पण भाऊ, मी इथं माझा हात बघत होते, तेव्हा तुम्ही समोर चहा पीत होतात.”

“हो.”

“आणि नंतर गुपचूप पॉलिश करून आणलंत.”

“हो, ताई.” मॅडमची ताई कधी झाली, ते त्यालाही कळलं नाही.

तिनं पेटीतला स्नॅप उजेडात धरून पाहिला. मग मैमुनानं पंखावरची चादर ओढून काढली. “यल्ला, चला. ते रिव्हेट तुम्ही काढायचे. सगळे. आणि पेटी आजपासून इथं राहील. तेलपाणी करायचं ते माझ्यासमोर.”

त्यानं एकेक रिव्हेट ड्रिल करून काढला. पेटी राहणार हे त्याला लागलं, पण ते बरोबरच होतं. चरे पडलेला पत्रा उतरवून नवा चढवेपर्यंत आणखी काही शुक्रवार गेले. मग एका सकाळी तिनं गन घेतली आणि ठोकळा रेहानऐवजी त्याच्या हातात दिला.

पंखाच्या आत तोंड घालून बसलेलं त्याला बरं वाटलं. तिथं कोणाला चेहरा दिसत नव्हता. गन धडधडली. एक रिव्हेट नीट बसला, दुसरा बसला. पुढचा आतल्या बाजूनं तिरका दबला. बाहेरून ते दिसणार नव्हतं. त्यानं ठोकळ्याचं तोंड अंगठ्यानं चाचपलं. ते गुळगुळीत होतं.

“ठीक?” बाहेरून मैमुनानं विचारलं.

‘हो’ म्हणणं सोपं होतं. आज कितीतरी दिवसांनी तिनं गन धरली होती.

“नाही, ताई. वाकडा गेला.”

“हत्यार की हात?”

“माझा हात,” तो म्हणाला, आणि त्याचे कान तापले.

“बघा, आता कसं पटकन सांगितलंत,” ती म्हणाली. “काढा तो.”