नटीचे उघडे ओठ

दहिवलीच्या नव्या सभागृहात दर्शनी भिंतीवर काय लावायचं, यावर समितीने बराच चहा संपवला. मग खोपोलीच्या एका बाईंनी आपल्या आईचं तैलचित्र देऊ केलं. आई नटी होती. आमच्याकडे जत्रेच्या नाटकात पुरुष गावातले आणि नटी बाहेरून आणलेली, अशी पद्धत. ही वर्षानुवर्षं आली, पण तिचं नाव कुणी विचारलं नाही. चित्राखाली ते नाव यावं, एवढीच लेकीची अट.

चित्र राणीच्या वेशातलं, आमच्याच नाटकांचे पडदे रंगवणाऱ्या पेंटरने काढलेलं. महाल रंगवायची सवय असल्यामुळे मुकुट झकास, हात मात्र लाकडी. राणीचा चेहरा आपल्याकडे, नजर डावीकडे सरकलेली, ओठ जरासे उघडे.

"भविष्याकडे बघतायत," एक सभासद म्हणाले. आमच्या समितीत जो तो भविष्याकडेच बघतो.

अध्यक्षांना ओठ खटकले. "तोंड उघडं बरं नाय दिसत. पेंटर बोलावून मिटवून घेऊ. खाली लिवा, कलादेवी."

"आणि नाव?" मी विचारलं. पुस्तकं वाचतो म्हणून पाटीचा मजकूर माझ्याकडे होता.

"देवीला नाव कशाला रं?"

लेक समोरच बसली होती. "काका, तोंड मिटणार असाल तर मी चित्र घरी नेते."

ती नाटकं मी पुढच्या सतरंजीवर बसून पाहिली आहेत. हा चेहरा माझ्या ओळखीचा होता. नटी तीच नाटकं गावोगाव करायची, त्यामुळे सगळ्यांची भाषणं तिला पाठ. राजा अडला की प्रेक्षकांना हसू दाखवत, नजर त्याच्याकडे सरकवून ती ओठांच्या कडेनं त्याचं वाक्य त्याला पोचवायची. आणि आमचा राजा कायम अडायचा. आवाज खणखणीत, पाठांतर कच्चं. तो राजा म्हणजे आताचे अध्यक्ष.

"त्या भविष्याकडे बघत नाहीत," मी म्हणालो. "तुमच्याकडे बघतायत. वाक्य सांगतायत."

अध्यक्ष चष्मा लावून चित्राजवळ गेले आणि ओठ निरखू लागले.

"दरबारातलं वाक्य असंल," ते म्हणाले. "ते मला कदी आठवलंच नाय."

"आई घरी सांगायची," लेक म्हणाली, "एका गावचा राजा हाताला धरून गादीवर बसवावा लागतो. गाव कुठलं ते नाही बोलली कधी."

सगळे हसले, अध्यक्षही. "ऱ्हाऊ द्या तोंड. पण पाटीवर मला नका घेऊ."

मी लिहिलं: नटीचं पूर्ण नाव, आणि खाली, 'राजाला वाक्य सांगताना'.

"राजा कोण, इचारतील लोक."

"सांगा की," लेक म्हणाली. "अडलात तर आई आहेच वर."

पाटी कोरायला कर्जतला मी स्वतः गेलो. दुसऱ्या कुणाच्या हाती मजकूर दिला असता, तर वाटेत तिची पुन्हा देवी झाली असती.