मोहोळावरचा मधुबाज

मी कॉलेजात प्रयोगशाळा सहायक आहे. लेकानं पहिल्या पगारातून कॅमेरा आणून दिला, तेव्हापासून मला पक्ष्यांचा नाद लागला. सुट्टीच्या दिवशी सकाळी स्कूटी काढायची, ताडकळसच्या बाजूला कॅनॉलच्या कडेनं जायचं, दिसेल त्या पक्ष्याचा फोटो घ्यायचा आणि घरी येऊन पुस्तकात त्याचं नाव शोधायचं. एकटीनं रानात हिंडलेलं घरच्यांना चालत नाही, म्हणून कुणाला तरी सोबत न्यावं लागतं. त्या फेब्रुवारीत माझी थोरली नणंद, आमच्या आक्का, चुडाव्याहून राहायला आल्या होत्या. त्यांना पक्ष्यांशी काही घेणंदेणं नव्हतं. गाडीवर मागं बसून फिरायला मात्र लय आवडायचं.

कॅनॉलच्या पलीकडं एक मोठा वड आहे. त्याच्या आडव्या फांदीला आग्या मोहोळ लागलेलं होतं. काळपट, सुपापेक्षा मोठं. मी ते येता-जाता पाहिलेलं होतं आणि स्कूटी वडाजवळ सावलीत लावली तरी आम्ही दोघी मुद्दाम बरंच पुढं, हरभऱ्याच्या बांधावर येऊन बसलो होतो. शेतात एक नवरा-बायको हरभरा काढत होते. काढलेल्या हरभऱ्याचा ढीग अर्धा ताडपत्रीनं झाकलेला होता.

आक्का हरभऱ्याचे घाटे सोलून खात होत्या. मी वडाकडं पाहत होते, कारण वर एक मोठा पक्षी घिरट्या घालत होता.

"आक्का, मधुबाज आहे," मी हळूच म्हणाले.

"घारच की गं."

"नाही. मान बघा कशी लांब आहे. डोकं कबुतरासारखं बारीक. आणि शेपटीवर जाड पट्टे."

मी कॅमेरा डोळ्याला लावला. तो पक्षी आधी फांदीवर बसला, सरकत सरकत पुढं आला आणि एकदम मोहोळावर पाय रोवून लटकला. मी बटण दाबून धरलं. पोळ्याचा एक तुकडा पायात धरून तो उडाला तेव्हासुद्धा मी बटण सोडलं नव्हतं. मग कॅमेऱ्यातलं सगळं काळं दिसायला लागलं. मला वाटलं, लेन्सवर काहीतरी आलं. डोळा बाजूला केला तर वडाखालची सगळी हवाच काळी झाली होती.

आवाज नंतर आला. तो आवाज मला अजून नीट सांगता येत नाही. लांबून ट्रॅक्टर यावा तसा सुरू झाला आणि बघता बघता डोक्यावर आला.

"अगं, हे आपल्याकडंच यायलेत!" आक्का उठून उभ्या राहिल्या.

पहिली माशी माझ्या कानामागं डसली. मग मानेवर, मनगटावर. आक्का दोन्ही हातांनी डोकं झोडपत होत्या आणि ओरडत होत्या. मला पळावंसं वाटत होतं, पण पाय उचलत नव्हते. खरंच उचलत नव्हते. शेतातला माणूस जिवाच्या आकांतानं ओरडला, "हात हलवू नका! इकडं या! ताडपत्रीखाली शिरा!"

मी आक्कांचा दंड धरला आणि ओढत नेलं. कॅमेरा कुठं पडला ते कळलं नाही. त्या माणसानं ताडपत्री ढिगावरून ओढून काढली, आम्हाला जमिनीवर पालथं पाडलं आणि बायकोसकट आम्हा सगळ्यांवर ती टाकून स्वतः आत घुसला.

आत अंधार, धूळ आणि हरभऱ्याचा आंबट वास. वरून ज्वारीचे दाणे ओतावेत तसा ताडपत्रीवर आवाज येत होता. माशा आपटत होत्या. मी कडा पोटाखाली दाबून धरली होती. कुठं फट राहिली असेल, एवढंच डोक्यात. शेतकऱ्याची बायको "आई भवानी, आई भवानी" करत होती. आक्का त्रिसरण म्हणत होत्या, पण प्रत्येक वेळी दुसऱ्या ओळीलाच अडकायच्या आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायच्या. त्यांच्या केसांत एक माशी शिरली होती. तिची भुणभुण मला माझ्याच डोक्यात असल्यासारखी ऐकू येत होती. मी चाचपडत तिला बोटांनी चिरडलं.

"गप पडा," तो माणूस सारखा म्हणत होता. "जातेत. जातेत आता."

आवाज कमी व्हायला लागला तेव्हा आक्कांचं त्रिसरण थांबलं. मी हाक मारली.

"जीभ जड व्हायली गं," त्या म्हणाल्या. शब्द धड उमटत नव्हते.

त्यानंतर मला माशांची भीती वाटली नाही, दुसरीच वाटायला लागली. मी ताडपत्री वर केली. आक्कांचे ओठ सुजले होते, एक डोळा मिटला होता, अंगावर लाल गांध्या उठल्या होत्या. माझी स्कूटी वडाखाली, तिकडं जाणं शक्यच नव्हतं. त्या माणसानं बांधावरची मोटारसायकल आणली. पुढं तो, मध्ये आक्का, मागं मी. आक्कांची मान त्याच्या पाठीवर कलंडत होती. मी त्यांच्या छातीवर हात ठेवून श्वास चाललाय का ते बघत होते. गाडी खड्ड्यात आदळली की हाताला काही कळेनासं व्हायचं आणि मी ओरडायची, "आक्का, बोला! काहीतरी बोला!" त्या नुसतं "हं" म्हणायच्या. एकदा त्या "हं"सुद्धा म्हणाल्या नाहीत.

ताडकळसच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी बघितल्याबरोबर इंजेक्शन दिलं. मग सलाईन. नर्सताई माझ्या मानेतल्या नांग्या काढत होत्या आणि मी आक्कांच्या गळ्याकडं बघत बसले होते. दुपारनंतर सूज उतरली. आक्कांनी पाणी मागितलं, ते गिळलं, तेव्हा मी भिंतीला टेकून रडले. घरचे आले, शेतकऱ्याचे हात धरले. तो म्हणाला, "माणसाला माणूसच कामाला येतो की," आणि हरभरा उघडा पडलाय म्हणून लगबगीनं निघून गेला.

कॅमेरा त्यानंच शोधून ठेवला होता. स्कूटी आणायला गेलो तेव्हा पोत्यात गुंडाळून दिला. पट्ट्यात बारीक नांग्या रुतलेल्या होत्या. बरेच दिवस मी तो उघडला नाही. मिक्सर लावला की मी लगेच बटण बंद करायची. प्रयोगशाळेतला पंखा घरघरला की मी दाराबाहेर यायची, मुलं बघत राहायची.

शेवटी आक्कांनीच चुडाव्याहून फोन केला. "फोटो निघाला का न्हाई त्याचा? पाठव की."

बहुतेक फोटो हललेले होते. एकात मात्र तो स्पष्ट होता, मोहोळाला लटकलेला, डोळा पिवळा, चेहऱ्यावर दाट बारीक पिसं. मी पाठवला. तो बघून आक्कांनी परत फोन केला, "ह्याला कसं डसत न्हाईत?"

"चेहऱ्यावर खवल्यांसारखी पिसं असतात. नांगी आत जात नाही."

"बरं हाय की," त्या म्हणाल्या. "आता मला नको बाई नेऊस."

पावसाळा सरल्यावर मी पुन्हा कॅनॉलवर गेले होते. सोबत नवरा होता. झाडं लागली तशी मी प्रत्येक फांदी बघत चालले, पक्षी शोधायच्या आधी. कुठंतरी विहिरीवरची पाण्याची मोटार सुरू झाली आणि मी मटकन खाली बसले. नवऱ्यानं विचारलं, "परत जायचं?" मी हो म्हणाले.

हल्ली आम्ही गंगाखेडला गोदावरीच्या वाळवंटात जातो. तिथं डोक्यावर झाड नसतं. नदी सुरय पक्षी दिसतात, टिटव्या दिसतात. हात अजून थरथरतो, त्यामुळं फोटो बरेचदा हलतात.